टंगस्टनला फुटणारी लव

फुलबाजाची ठिणगी हातावर पडली तरी हात भाजत नाही. ठिणगी तापलेली असते भयंकर, पण तिचा जीव तो केवढा! दक्षिण फ्रान्समध्ये कादाराशला उभ्या राहत असलेल्या ‘ईटर’ या संमीलन-भट्टीतल्या (हायड्रोजनची अणुकेंद्रं जोडून ऊर्जा मिळवणाऱ्या) प्लाझ्माचं, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूचंही थोडं असंच आहे. तो १५ कोटी अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचा, पण हवेपेक्षा लाखो पटींनी विरळ. शिवाय चुंबकीय क्षेत्र त्याला भिंतीला चिकटू देत नाही. म्हणून बातम्यांचा लाडका ‘१५ कोटी’ भिंत बांधणाऱ्यांना तितकासा छळत नाही. त्यांना छळतो दुसराच आकडा: दर चौरस मीटरला १० मेगावॉट. सूर्याच्या पृष्ठभागावरून बाहेर पडते त्याच्या साधारण सहावा हिस्सा उष्णता.

हा मारा होतो तळाशी, डायव्हर्टरवर. डायव्हर्टर म्हणजे भट्टीची मोरी. जळून उरलेला हेलियम आणि भरकटलेले कण इथून बाहेर काढायचे. इथे टंगस्टनचे ठोकळे असतात, त्यांच्या पोटातून तांब्याच्या मिश्रधातूची नळी जाते आणि नळीतून दाबाखालचं पाणी. वर रसरसलेला धातू, काही मिलिमीटर खाली पाणी.

टंगस्टन ३४२२ अंशांना वितळतो, जुन्या दिव्यांच्या तारेत तो होता तो याचसाठी. तरी तो सहज निवडला गेला नाही. आधी कार्बन होता. तो झिजतो आणि इंधनातला ट्रिटियम गिळून बसतो. बेरिलियम विषारी, वितळतोही १२८७ अंशांनाच. २०२३मध्ये ‘ईटर’ने मुख्य भिंतीसाठीही बेरिलियमऐवजी टंगस्टन घ्यायचं ठरवलं. मात्र या जड धातूचे लाखात मोजके अणू जरी प्लाझ्मात शिरले, तरी ते उष्णता किरणांवाटे उधळून त्याला थंड करतात.

खरी गंमत हेलियमची. टंगस्टनमध्ये तो विरघळत नाही. तापलेल्या धातूत हेलियमचे अणू घुसतात, एकमेकांना धरून बुडबुडे करतात, आणि चकचकीत पृष्ठभागावर चक्क लव उगवते! तिचा एकेक तंतू काही दशक नॅनोमीटर जाडीचा. जपानमधल्या नागोयात प्रयोग करणाऱ्यांनी ती २००६मध्ये नोंदवली. लवेने काळवंडलेला धातू उष्णता नीट वाहून नेत नाही.

आणि संमीलनात निघणाऱ्या न्यूट्रॉनचं काय? त्याला विद्युतभार नाही, त्यामुळे चुंबकाला तो जुमानत नाही. संमीलनातली ८० टक्के ऊर्जा घेऊन तो थेट भिंतीत शिरतो, अणू जागचे हलवतो. टंगस्टनचं हळूहळू ऱ्हेनियम आणि ऑस्मियम होतं. मुळातच ठिसूळ असलेला धातू आणखी ठिसूळ होतो. हा मारा वर्षानुवर्षं सोसलेला नमुना आज कुणाकडेही नाही. तो मिळवण्यासाठी स्पेनमध्ये ग्रॅनाडाजवळ ‘इफमिफ-डोन्स’ हे चाचणी-केंद्र उभारलं जात आहे: वाहत्या द्रव लिथियमवर ड्युटेरियमच्या अणुकेंद्रांचा झोत आदळायचा आणि निघालेल्या न्यूट्रॉनसमोर धातूंचे छोटे तुकडे ठेवायचे. तोवर ‘ईटर’ने मोरीचे ५४ भाग सुटे ठेवलेत, झिजले की यंत्रमानवाने काढून नवे बसवायचे.