बंदा रुपया (लेखांक 14) : काळवंडलेली लक्ष्मी

1911 सालच्या रुपयावरील त्या बदनाम हत्तीची हकिकत या खेपेस सांगण्याचे मी कबूल केले होते, आणि तिची टिपणेही काढून ठेवली होती. परंतु मध्यंतरी दर्यापूर तालुक्यातून एका वाचकांचे पत्र आले, आणि हत्तीला आणखी आठ दिवस साखळदंडात ठेवणे प्राप्त झाले. आजोबांच्या पश्चात माळ्यावरील पेटीत, खादीच्या कशात बांधलेले अकरा कलदार त्यांना सापडले. कलदार सगळे काळे पडलेले. ते घेऊन गृहस्थ अमरावतीच्या सराफ्यात गेले, तो ‘माल काळा आहे, बट्टा बसेल’ असे तेथे ऐकावे लागले. हा बट्टा रास्त काय, अशी त्यांची पृच्छा आहे. आणि ताजा कलम म्हणून, आईच्या आग्रहावरून, दुसरी : लक्ष्मीपूजनापूर्वी चिंचेने घासून घेतले तर काही बिघडेल काय?

पहिल्या प्रश्नाचा निवाडा तराजूवर होतो. रुपया म्हणजे 180 ग्रेन, एक तोळा, 11.66 ग्रॅम, त्यात बारांतले अकरा भाग चांदी, म्हणजे शुद्ध चांदी 10.69 ग्रॅम, हे नित्याच्या वाचकांस तोंडपाठ आहे. आता काळेपणा पाहा. हवेत, लोकरीत, रबरात, हलक्या प्रतीच्या पुठ्ठ्यात जे गंधकाचे अंश असतात, त्यांच्याशी चांदीचा संयोग होऊन नाण्यावर सल्फाइडचा पापुद्रा धरतो. तो किती जड असावा याचा हिशेब मी एकदा पावसाळ्यातील एका रिकाम्या दुपारी मांडून पाहिला होता. रुपयाच्या दोन्ही बाजू व कडा मिळून क्षेत्रफळ भरते सुमारे साडेसोळा चौरस सेंटिमीटर. पापुद्रा मिलिमीटरचा दहाहजारावा भाग जाड धरला, तर त्याचे वजन होते सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास, आणि त्यात गुंतलेली चांदी असते एक मिलिग्रॅम. ग्रॅमला 100 रुपये भाव धरा की 200 धरा, सारा मामला दहावीस पैशांचा. शिवाय ती चांदी कोठे गेलेली नाही; मुशीत पडताच गंधक जळून जाते आणि चांदी मागे राहते. काळा रुपया आणि उजळ रुपया आटवून त्यांच्या गोळ्या शेजारी ठेवल्या, तर ओळखून दाखवणारा सराफ मला अद्याप भेटावयाचा आहे.

तथापि सराफाचीही बाजू आहे आणि ती न ऐकता निकाल देणे हे न्यायाचे नव्हे. तांब्याच्या बाराव्या भागाची वजावट आणि आटणीतील घट हा त्याचा हक्कच. त्यापलीकडे तो कापतो तो बट्टा काळेपणाचा नसून संशयाचा असतो. 1940 पासून सरकारने रुपयातील चांदी निम्म्यावर आणली. काजळलेल्या नाण्यावरचे साल वाचता आले नाही, तर निम्म्या चांदीचा रुपया पूर्ण चांदीच्या भावात गळ्यात पडण्याची धास्ती त्याला असते. तेव्हा भिंग घ्यावे, सालवार याद लिहावी आणि ती नाण्यांसह पुढे ठेवावी. तितक्याने बट्टा बहुतांशी वितळतो, असा माझा अनुभव आहे.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र मी तटस्थ राहू शकत नाही, कारण त्यात मी स्वतः गुन्हेगार आहे. अकोल्यास शाळेत असताना, वयाच्या चौदाव्या वर्षी, घरातील सातव्या एडवर्डचा एक रुपया (तोच तो, ज्याच्यावर बादशहा मुकुटावाचून बोडका दिसतो) मी चिंचेचा कोळ आणि राखुंडी लावून, ओट्यावर बसून, तासभर घासला. रुपया आरशासारखा झाला आणि मला शाबासकी मिळाली. पुढे वीस-बावीस वर्षांनी एका जाणत्या संग्राहकाच्या हाती मी तो अभिमानाने दिला. त्यांनी तो दिव्याखाली तिरपा धरला, एकदा फिरवला, आणि ‘घासलेला आहे’ एवढेच म्हणून परत केला. मग भिंगातून मीही पाहिले : बादशहाच्या गालावरून दाढीपर्यंत केसासारखे बारीक ओरखडे, सगळे एकाच दिशेने, माझ्या उजव्या हाताच्या दिशेने. ठशाच्या आघाताने धातू बाहेरच्या बाजूस सरकतो, तेव्हा नाण्यावर सूक्ष्म रेषा उमटतात व त्यांवरून प्रकाश चक्राकार फिरतो. ती मूळ चकाकी एकदा राखेने खरवडली की ब्रह्मदेवालाही परत आणता येत नाही. चांदीच्या भावात त्या रुपयाचे काडीचेही नुकसान झाले नव्हते. नुकसान झाले ते चांदीच्या भावावर मिळू शकणाऱ्या रकमेचे.

वऱ्हाडातील कलदारांचे दुर्दैव हेच. कापसाच्या पैशातून ते घराघरांत साठले, आणि मग सालाबादप्रमाणे अश्विन अमावास्येला पंचामृत, चिंच, रिठे आणि वर हळदकुंकू. पन्नास दिवाळ्या पाहिलेल्या रुपयावरची राणी नाकडोळ्यांनी सपाट होते. काळेपणाने जितकी नाणी बिघडवली नाहीत तितकी भक्तीने बिघडवली, हे माझे मत आप्तांना रुचत नाही. परंतु माझे मत तेच आहे.

काळेपणा तर प्रसंगी मोल वाढवतो. पापुद्रा पातळ असतो तोवर तो काळा नसतोच. डबक्यावरील तेलाच्या तवंगाप्रमाणे आधी मधासारखा पिवळा, मग तांबूस, जांभळा, निळा असे रंग त्याच्या जाडीनुसार उमटतात. अमेरिकेच्या खजिन्यात मॉर्गन डॉलर दशकानुदशके किंतानाच्या पिशव्यांत पडून होते. कापडाला टेकलेल्या काही डॉलरांवर इंद्रधनुष्य उतरले, आणि आज असे डॉलर साध्यांच्या कित्येक पट दराने विकले जातात. मग लबाडीही आलीच : गंधकाची भुकटी, उकडलेली अंडी, भट्टीची ऊब. अशा बनावट रंगाला जाणकार हात लावत नाहीत. सराफाकडे मिळणाऱ्या दहा ग्रॅमच्या लक्ष्मीछाप नाण्याची किंवा परदेशी ईगल, मेपल लीफ यांची गोष्ट वेगळी. ती बव्हंशी वजनावरच विकली जातात आणि त्यांच्या काळेपणाची चिंता करण्याचे कारण नाही.

या मॉर्गन डॉलरांचे आणि आपले एक जुने नाते आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात रुपयांची टंचाई इतकी झाली की 1917 च्या नोव्हेंबरात सरकारला एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. तरीही लोक चांदीच मागत, म्हणून 1918 च्या पिटमन कायद्यान्वये अमेरिकेने 27 कोटींहून अधिक डॉलर वितळवले आणि त्यांतील बहुतेक चांदी हिंदुस्थानसाठी इंग्रजांना विकली. मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळींत तिच्यावर पाचव्या जॉर्जचा छाप बसला.

हे सारे लिहून मी पत्रलेखकांना साल पाहण्यास सांगितले. उलट टपाली यादी आली : दहा नाणी झिजलेली, बहुतेक राणीछाप, अकरावे 1918 चे, मागील बाजूस तळच्या कमळाखाली ठिपका, म्हणजे मुंबईचे, आणि कडेला चंद्रकोरीएवढा निळा-जांभळा पट्टा. ते धुऊ नका, बोट न लावता साध्या आम्लरहित कागदात ठेवा, प्लास्टिकच्या पाकिटात कोंबू नका, असे मी कळवले. पारोशी लक्ष्मी पाटावर बसत नाही, असे मातोश्रींनी त्यावर सुनावले. अखेर समेट झाला तो असा : दहांना यथासांग स्नान, आणि अकरावीला कागदाच्या घडीतूनच, लांबून अक्षता.