पोराचे लर्निंग आणि बापाचा सातबारा

एरवी मी तुमच्याशी कांद्यावरच्या करप्याबद्दल नाहीतर खताच्या मात्रेबद्दल बोलतो. आजचा विषय मोटारीचा आहे, पण त्याची मुळे थेट तुमच्या जमिनीपर्यंत जातात.

मागे एका सोमवारी बेल्ह्याच्या बाजारात ओळखीचे एक नाना भेटले. मुलगा चाकणच्या कारखान्यात लागला, घरची मोटार घेऊन रोज एकटा जातो-येतो, असे कौतुकाने सांगत होते. "लायसन आहे ना त्याच्याकडे?" मी विचारले. "हाय की साहेब, लर्निंग हाय. इमा बी भरलाय. मग भ्या कशाचं?"

नानांना चहाच्या टपरीवर बसवून जे सांगितले, तेच तुम्हाला सांगतो.

लर्निंग हा परवाना खराच, पण तो शिकण्यापुरता. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला तिसरा नियम सांगतो की शिकाऊ चालकाच्या शेजारी पक्के लायसन असलेला माणूस हवा आणि वेळ पडल्यास गाडी थांबवता येईल अशा जागी तो बसलेला हवा. गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल'ची पाटीही हवी. आळेफाटा, नारायणगाव, मंचर करीत चाकणला एकट्याने जाणे या नियमात बसत नाही.

विम्याच्या कागदात चालकाविषयी एक कलम असते. बारीक अक्षरामुळे ते कोणी वाचत नाही. शिकाऊ चालक गाडी चालवू शकतो, पण हा तिसरा नियम पाळून, असे त्यात म्हटलेले असते. तो मोडला आणि गाडी आपटली, तर आपल्या गाडीच्या दुरुस्तीचा दावा कंपनी नाकारू शकते.

हे नुकसान एक वेळ सोसता येईल. दुसऱ्याचा जीव गेला तर मात्र गोष्ट वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सांगितले आहे की शिकाऊ परवाना हाही परवानाच. चालकाकडे तेवढाच होता म्हणून कंपनीला जखमींची भरपाई टाळता येणार नाही. हा मोठा दिलासा आहे. पण मालकाने अट मोडू दिली आणि अपघात त्यामुळेच झाला, हे कंपनीने सिद्ध केले तर? मग आधी कंपनीने भरपाई द्यावी आणि नंतर ती मालकाकडून वसूल करावी, असा हुकूम होऊ शकतो. मोटार अपघात न्यायाधिकरणाच्या दाखल्यावर ही रक्कम जिल्हाधिकारी जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करतात. "म्हंजी जमिनीवर?" नानांनी विचारले. मी मान हलवली. त्यांनी कप खाली ठेवला.

पिकअपवाल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मालवाहू गाडीच्या विम्यात शिकाऊ चालकाला मुभा असते ती गाडीत माल नसतानाच. म्हणजे रिकामी पिकअप, शेजारी जाणता चालक बसवून, पोराने शिवारातून फिरवावी. आळेफाट्याला कांद्याच्या गोण्या न्यायच्या असतील तर पक्के लायसनवालाच बसवावा. मात्र त्यासाठी वेगळ्या व्यावसायिक लायसनची गरज नाही. साडेसात हजार किलोपर्यंतची मालगाडी हलक्या वाहनाच्या लायसनवर चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले आणि २०२४ साली घटनापीठानेही कायम केले. दलालाने त्यासाठी पैसे मागितले तर देऊ नका.

गाडी कोणाच्या नावावर आहे तेही पाहा. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा ज्याच्या नावावर गाडी आहे त्यालाच लागू होतो. गाडी नानांची आणि चालवणारा मुलगा, तर मुलाला त्यातले काही मिळत नाही. चालकासाठीचा वेगळा हप्ता थोडाच असतो. नूतनीकरणाच्या वेळी तो मागून घ्यावा.

नानांनी मुलाला त्याच संध्याकाळी फोन लावला. लर्निंग मिळून तीस दिवस झाले की पक्क्या लायसनची चाचणी देता येते आणि लर्निंगची मुदत सहा महिने असते. मुलाचे चार महिने उलटून गेले होते. चाचणीची तारीख घ्यायची तेवढी राहिली होती. ती मिळेपर्यंत तो एसटीने जातो.