बसलेली पट्टी उचलता येते!

वस्तीतील गायन पार्टीकडे किंवा वाचनालयाच्या खोलीत एखादा जुना इलेक्ट्रॉनिक ऑर्गन असतो. कोणी त्याला कॅसिओ म्हणते, कोणी की-बोर्ड. वर्षानुवर्षे वाजवून दोन-चार पट्ट्या खाली बसतात आणि मग कोणीतरी म्हणतो, "द्या भंगारात!" आमच्याकडेही तसेच ठरत होते. दुरुस्तीची सांगितलेली रक्कम वर्गणीत बसेना. परंतु त्याच ऑर्गनवर सहावीतील एक मुलगी रोज संध्याकाळी सरगम गिरवत असे. ऑर्गन गेला की तिचे शिकणेही संपणार होते. म्हणून एका रविवारी आम्ही दोघा-तिघांनी तो उघडला. त्यातून जे शिकलो ते वाचकांसाठी देत आहे.

प्रथम विजेची पिन काढावी. पिन काढल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असू शकते. त्यामुळे वीजपुरवठ्याच्या भागाला हात लावू नये. प्रत्येक स्क्रू कोठून काढला ते कागदावर लिहावे, मोबाईलने फोटो काढून ठेवावा.

मग पांढऱ्या पट्ट्यांवर आडवी फूटपट्टी ठेवावी. कोणती पट्टी खाली गेली आहे ते लगेच दिसते. आता कारण शोधावे. दाबलेली पट्टी वर येतच नसेल, तर बहुधा तिची स्प्रिंग निसटलेली, गंजलेली किंवा थकलेली असते, अथवा खाचेत मळ अडकलेला असतो. दाबल्यावर पट्टी फार खोल जाऊन खट्ट आवाज होत असेल, तर खालचे फेल्ट झिजलेले असते. पट्टी वर येते पण सूर लागत नाही, असे असेल तर खालच्या रबरी संपर्कावर धूळ बसलेली असते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने हलकेच पुसावी. रबरावरील काळा थर खरवडू नये. तो गेला की सूरही गेला!

फेल्ट बदलताना जुन्याच जाडीचे घ्यावे. हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्याकडे असा तुकडा मिळू शकतो. तेल मात्र कोठेही घालू नये, त्यावर धूळ चिकटते.

स्प्रिंग थकली असेल आणि नवी मिळत नसेल, तरी निराश होऊ नये. ६१ पट्ट्यांच्या ऑर्गनमध्ये ३६ पांढऱ्या आणि २५ काळ्या पट्ट्या असतात. गाणारे नेहमी ठरावीक सुरात गातात, त्यामुळे मधल्या सप्तकातील त्याच त्या पट्ट्या झिजतात. अगदी उजव्या टोकाला क्वचितच बोट जाते. तिथल्या त्याच आकाराच्या पट्टीची चांगली स्प्रिंग काढून मध्ये लावावी आणि थकलेली टोकाला. आम्ही हेच केले. नव्या स्प्रिंगसाठी एक पैसाही लागला नाही.

मात्र पट्टीचा प्लॅस्टिकचा सांधाच तुटला असेल, तर डिंकाने जोडलेला फार दिवस टिकत नाही. तिथे जाणकाराकडेच जावे.

मंडळांनी ऑर्गन वापरात नसताना कापडाने झाकावा, त्यावर पिशव्या ठेवू नयेत. आणि दुरुस्तीला उघडाल तेव्हा मुलामुलींना शेजारी बसवा. आमच्याकडे स्क्रूंची यादी त्याच मुलीने लिहिली. पुढच्या वेळी ऑर्गन ती स्वतः उघडणार आहे.