गच्चीवरचा टॉवर आणि खिशातला फोन

गच्चीवर मोबाइल टॉवर बसणार म्हटले की सोसायटीची सभा तापते. ती काळजी खरी असते, पण तिचा रोख बदलायला हवा. शरीरात शिरणाऱ्या रेडिओलहरींचा हिशेब मांडला, तर टॉवरपेक्षा कानाला लावलेल्या फोनचा वाटा सहसा कितीतरी मोठा भरतो. टॉवरपासून दूर जावे तशी लहरींची तीव्रता झपाट्याने घटते. बोलताना फोन मात्र डोक्याला टेकलेला असतो. शिवाय रेंज कमी असेल तेव्हा टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी फोन आपली शक्ती वाढवतो. त्यामुळे टॉवर हटवून रेंज घालवली, तर डोक्याजवळच्या लहरी कमी होण्याऐवजी वाढूही शकतात.

या लहरी क्ष-किरणांसारख्या रेणूंचे बंध तोडू शकत नाहीत. त्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेच्या मानाने त्यांच्या एका फोटॉनची ऊर्जा लाखो पटींनी कमी असते. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊतींना मिळणारी उष्णता, आणि नियम याच पायावर उभे आहेत. एक किलो ऊती किती वॅट ऊर्जा शोषते, हे ‘एसएआर’ या मापाने सांगतात. भारतात 1 सप्टेंबर 2012 पासून हँडसेटसाठी 1.6 वॅट प्रति किलो ही मर्यादा लागू झाली. ती 1 ग्रॅम ऊतीच्या सरासरीवर मोजतात. युरोपात डोक्यासाठी 10 ग्रॅमच्या सरासरीवर 2 वॅटपर्यंत मुभा आहे. छोट्या भागाची सरासरी घेतली की एकाच जागी साठणारी ऊर्जा लपत नाही, म्हणून आपला निकष अधिक कडक ठरतो.

यावर आक्षेप येतो तो कर्करोगाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2011 मध्ये या लहरी ‘2ब’ गटात, म्हणजे ‘संभाव्य कर्करोगकारक’ म्हणून नोंदवल्या होत्या. पुरावा मर्यादित असला, तरी शक्यता नाकारता येत नाही, असा त्याचा अर्थ होता. त्यानंतर याच संघटनेने करून घेतलेल्या आणि 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात 63 अभ्यास तपासले गेले. मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांत संबंध आढळला नाही. दहा वर्षांहून अधिक काळ फोन वापरणाऱ्यांतही नाही. विज्ञान शून्य धोक्याची हमी देत नाही, पण पुराव्याचा कल आता स्पष्ट आहे.

मग नियमांची गरज काय, असे कोणी विचारेल. उत्तर फ्रान्समध्ये मिळते. तिथली नियामक संस्था बाजारातले फोन स्वतः तपासते. सप्टेंबर 2023 मध्ये तिने आयफोन 12 ची विक्री थांबवली. हातात किंवा खिशात असताना या फोनचा एसएआर 5.74 भरला, मर्यादा होती 4. कंपनीने चाचणीच्या पद्धतीवर हरकत घेतली, तरी सॉफ्टवेअर सुधारून दिले आणि फेरतपासणीत फोन मर्यादेत आला. मर्यादा ओलांडली म्हणून कोणी आजारी पडले, असा याचा अर्थ नव्हे. मर्यादा मुळातच मोठी सूट राखून आखलेल्या असतात. पण 2020 पासून विकल्या जाणाऱ्या फोनमधली ही बाब स्वतंत्र मोजमापामुळेच उघड झाली.

म्हणून आपली मागणीही मोजमापाची असावी. दुकानातून उचललेल्या फोनच्या स्वतंत्र चाचण्या नियमित व्हाव्यात आणि त्यांचे निकाल मॉडेलनिहाय लोकांपुढे यावेत. आपल्या हातातले उपायही सोपे आहेत: लांबलचक बोलण्यासाठी इअरफोन किंवा स्पीकर वापरावा, रेंज अगदी कमी असताना बोलणे आवरते घ्यावे. बहुतेक फोनवर *#07# दाबले की एसएआरची माहिती मिळते. ती आजच पाहून घ्या.