हातचा कुठे हरवतो?

दहावीचा निकाल लागला की गोंदियापासून देवरी-सालेकशापर्यंत एक वाक्य हमखास कानावर येतं: “पोराचं डोकंच गणिताचं नाही.” पालक म्हणतात, शेजारी म्हणतात आणि ज्यांनी म्हणू नये ते शिक्षकही म्हणतात. मग पुढचा निष्कर्ष आपोआप निघतो: गणिताची भीती वाटते ती डोकं नसल्यामुळेच, ज्याला येतं तो कशाला घाबरेल? ऐकायला बिनतोड, पण तपासून पाहिल्यावर न टिकणारं. मार्क ॲशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क या मानसशास्त्रज्ञांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मनातल्या मनात बेरजा करायला लावल्या आणि त्याच वेळी काही अक्षरं लक्षात ठेवायला सांगितली. सोप्या बेरजांत गणिताला घाबरणारे फारसे मागे नव्हते. बेरजेत हातचा आला आणि वर अक्षरंही सांभाळायची झाली, तेव्हा मात्र त्यांच्या चुका इतरांपेक्षा बऱ्याच वाढल्या. मधले आकडे धरून ठेवायला मनात जागा थोडकीच असते. तिचा एक कोपरा काळजीने अडवला की हातचा तिथेच हरवतो. परीक्षेच्या दोन तासांत जे दिसतं ते डोकं आणि धास्ती यांचं एकत्रित माप असतं, आणि आपण ते सगळं डोक्याच्या नावावर मांडून मोकळे होतो.

यावर लगेच विचारलं जातं, मग काय मुलांना नुसतं गोंजारत बसायचं, सराव करून घ्यायचाच नाही? असं कुणीही म्हटलेलं नाही. कच्चेपणातून भीती येते हे खरंच आहे. भीतीतून कच्चेपणा वाढतो हेही तितकंच खरं, आणि चक्र दोन्हीकडून फिरतं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिसरीतल्या मुलांना आठ आठवडे एकास एक शिकवणी दिली. सर्वाधिक घाबरणाऱ्या मुलांची भीती उतरली आणि मेंदूतल्या भीतीशी संबंधित भागाची प्रतिक्रियाही सौम्य झाली. म्हणजे उपाय सरावाचाच, पण चुकायला मोकळीक देणारा. फळ्यापुढे उभं करून, हातात घड्याळ धरून, सगळ्या वर्गाला हसायला लावून जे केलं जातं, त्याला सराव म्हणणं हा सरावाचा अपमान आहे.

‘डोकं नाही’ हा शिक्का गोंदिया जिल्ह्यात तर अधिकच विचित्र वाटतो. इथे उन्हाळ्यात घरची मुलं तेंदूपत्त्याच्या पुड्यांची मोजणी पाहत असतात, शेकड्याचा दर ऐकत असतात. धानाच्या खंडीचे हिशेब घरात चालतात. हे व्यवहारज्ञान झालं, गणित नव्हे, असा आक्षेप येतो. त्यात तथ्य आहे, पण आक्षेप घेणाऱ्यांना वाटतं तसं नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. विक्री करताना त्यांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तेच हिशेब निव्वळ आकड्यांत मांडल्यावर ३७ टक्के. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांवर केलेलं काम २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलं. बाजारातली मुलं शाळेच्या गणितात अडखळली आणि शाळेतली मुलं बाजारी हिशेबात. तेव्हा क्षमता आहे, पण ती आपोआप वहीत उतरत नाही, आणि ‘गणित जीवनाशी जोडा’ असा फलक लावूनही उतरत नाही. मुलाने पुड्यांचा हिशेब तोंडी कसा केला हे आधी त्याच्याकडून वदवून घ्यावं लागतं, मग त्याच पायऱ्या चिन्हांत लिहून दाखवाव्या लागतात. हे काम वेळखाऊ आहे. अभ्यासक्रम संपवायच्या घाईत नेमकं तेच गळतं.

उरलेले गैरसमज थोडक्यात. मुलींना गणित जमत नाही: अमेरिकेतल्या सुमारे सत्तर लाख विद्यार्थ्यांच्या चाचण्यांचं विश्लेषण २००८ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलं, आणि सरासरीत मुलगे-मुली असा फरक दिसला नाही. बोटांवर मोजणारा कच्चा: लहान वयात बोटं हे संख्या समजण्याचं साधन आहे, ती लपवायला लावू नका. पाढे पाठ करणं वाईट: मुळीच नाही, पाठ पाढे मनातली जागा मोकळी करतात, वाईट आहे ती छडी. आणि २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास तीन’ अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा मराठी बुडाल्याची ओरड झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर सांगत होत्या की जुनी नावं बाद केलेली नाहीत. ‘त्रेपन्न’मध्ये तीन आधी ऐकू येतो आणि लिहायचा असतो पाच आधी; घरी गोंडी किंवा पोवारी बोलणाऱ्या सहा-सात वर्षांच्या मुलाची यात तारांबळ उडाली, तर तिथेही दोष त्याच्या डोक्याला देऊन चालणार नाही.