पणजोबांच्या वयाचा मासा

न्यूझीलंडच्या पूर्वेला चॅटम राइज हा समुद्राखालचा लांबलचक उंचवटा आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस तिथे ट्रॉलरच्या जाळ्यांत विटकरी-लाल, मोठ्या डोक्याचा, दिसायला ओबडधोबड मासा भरभरून येऊ लागला. हाच ऑरेंज रफी. मांस पांढरंशुभ्र, वास बेताचा, गोठवलं तरी चव टिकणारी. अमेरिकी बाजारात त्याला बघता बघता मागणी आली.

त्याचा मुक्काम बहुधा ७०० ते १५०० मीटर खोलीवर. सूर्यप्रकाशातला लाल रंग तिथवर पोहोचतच नाही, त्यामुळे हा लालभडक मासा तिथे काळाच भासतो आणि शिकाऱ्याच्या नजरेतून सुटतो. कोळंबी, माकुल, लहान मासे हे त्याचं खाणं.

घात केला तो एका सवयीने. दक्षिण गोलार्धातल्या हिवाळ्यात, जून ते ऑगस्टच्या सुमारास, अंडी घालायला हे मासे समुद्राखालच्या डोंगरांभोवती दाटीवाटीने जमतात. ट्रॉलरवरच्या यंत्राच्या पडद्यावर तो थवा स्पष्ट दिसतो. मग काय, काही मिनिटांत कित्येक टन मासळी जाळ्यात! सोबत तळावरची शेकडो वर्षांची प्रवाळंही ओरबाडून निघत.

मासा किती जगतो, हे मात्र कुणी नीट तपासलं नव्हतं. उत्तर होतं त्याच्या कानातल्या खड्यात. तो खडा पातळ कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की झाडाच्या खोडासारखी वर्षावर्षाची वलयं दिसतात. सुरुवातीला दोन-तीन दशकांचं समजलेलं आयुष्य शंभरीच्या पार गेलं. काही मासे तर दीडशे वर्षांपुढचे निघाले. म्हणजे ताटातला तुकडा जेवणाऱ्याच्या पणजोबांच्या वयाचाही असू शकतो. शिवाय मादी वयात यायला साधारण तीस वर्षं लागतात. अंडी इतर अनेक माशांच्या मानाने थोडीच, आणि तीही दरवर्षी घालेलच असं नाही.

एवढं कळेपर्यंत साठे खंगले होते. न्यूझीलंडने २००० साली पश्चिमेकडचं एक मोठं क्षेत्र बंद केलं. ऑस्ट्रेलियाने २००६ मध्ये त्याला संरक्षणाच्या यादीत घातलं. पुढे काही ठिकाणी मर्यादित मासेमारी पुन्हा सुरू झाली. पण पहिल्या दशकांत झाली ती मासेमारी कसली, ती खाणकामच होतं: काढायचं, संपलं की पुढचा डोंगर गाठायचा. १९९०च्या आसपास जन्मलेली पिल्लं आत्ता कुठे अंडी घालण्याच्या वयात आली आहेत.