कारसाठी जीपीएस घेताय? स्क्रीनआधी नकाशा तपासा

नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील बरेलीजवळ एक कार तुटलेल्या पुलावरून रामगंगा नदीच्या पात्रात कोसळली. तिघांचा मृत्यू झाला. पुलाचा पुढचा भाग पुरात वाहून गेला होता. नेव्हिगेशनमध्ये ती नोंद नव्हती, असे पोलिसांनी तेव्हा सांगितले होते.

चूक नेमकी कुठे होते?
जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अचूक वेळ आणि स्वतःची जागा कळवतात. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की उपकरण आपले ठिकाण काढते. त्याला मोबाइल नेटवर्क लागत नाही. पुढचा रस्ता मात्र नकाशा दाखवतो आणि तो जुना असू शकतो.

घेताना काय पाहाल?
नकाशा : भारताचा नकाशा उपकरणातच साठवलेला हवा. अपडेट किती वर्षे मोफत आहेत, हे विचारा.
उपग्रह : जीपीएससोबत ग्लोनास, गॅलिलिओ किंवा भारताची 'नाविक' प्रणाली चालत असेल, तर घाटात आणि उंच इमारतींमध्ये ठिकाण अधिक नेमके मिळते.
स्क्रीन : दुकानाबाहेर उन्हात धरून पाहा.
आवाज : सूचना स्पष्ट ऐकू आल्या, तर नजर रस्त्यावरच राहते.
स्टँड : खड्ड्यांत हलणारा किंवा समोरचा रस्ता झाकणारा नको.

खरेदीआधी दुकानातच आपल्या भागातला नवा रस्ता किंवा पूल शोधा. तो सापडला नाही, तर ते उपकरण घेऊ नका. आणि रस्त्यावर बॅरिकेड दिसले, तर उपकरण काहीही सांगो, गाडी थांबवा.